लाईट गेली की दुसऱ्या दिवशी लिनक्सवर विंडोजचा गेम चालू होत नाही, दर पावसाळ्यातला हा त्रास आणि त्याचा इलाज

मृग लागला की आमच्या देवगडात हे ठरलेलंच आहे, पहिल्या वादळी पावसात कुठेतरी माडाची झावळ नाहीतर आंब्याची फांदी तारेवर पडते, लाईट जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचा तरी फोन येतो की काल रात्रीपर्यंत नीट चालणारा गेम आज चालूच होत नाहीये. गेली काही वर्षं मी हे बघतोय, आधी माझ्याच पीसीवर, मग मित्रांच्या, मग नात्यातल्या पोरांच्या. दरवेळी लोक प्रोटॉनला, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या थराला, दोष देतात, ग्राफिक्स कार्डला देतात, कोणी कोणी तर लिनक्सच पुसून परत टाकतात. बहुतेक वेळा दोष यातल्या कशाचाच नसतो. गेम ज्या डिस्कवर ठेवलाय ती डिस्क नीट बंद झालेली नसते, एवढंच असतं, आणि ते पाच मिनिटांत तपासता येतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

कमांड सगळ्या देवनागरीत, तोंडाने बोलतो तशा लिहिल्यात, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजी स्पेलिंगनेच टाका. आणि डिस्कचं नाव प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं असतं, माझ्या मशीनवरचं नाव आहे तसं उचलू नका.

लक्षण असं. स्टीम, म्हणजे गेम घ्यायचं आणि चालवायचं अ‍ॅप, उघडतं, गेम यादीत दिसतो, प्ले दाबलं की बटण निळं होऊन दोन-चार सेकंद चालू असल्यासारखं दाखवतं आणि मग गपचूप परत प्ले वर येतं. एरर नाही, खिडकी नाही, काही नाही. दुसरा प्रकार म्हणजे गेमच्या जागी एकदम इन्स्टॉल बटण येतं, जणू तो गेम कधी टाकलाच नव्हता. तिसरा प्रकार, अपडेट घेताना डिस्क राइट एरर येतो. हे तिन्ही वेगवेगळे त्रास वाटतात पण मूळ बहुतेक वेळा एकच. आणि इन्स्टॉल बटण दिसलं तर कृपा करून ते लगेच दाबू नका, गेम डिस्कवर तसाच पडलेला असतो, फक्त ती डिस्क जोडली गेलेली नसते.

माझा भाचा वेंगुर्ल्याला असतो, त्याचा गेल्या पावसाळ्यात फोन आला, "मामा, गेम चालूच होणा नाय, माका वाटता परत डाउनलोड करूक होयो." त्याने आधी एकदा तसं केलंही होतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रात्र-रात्र जागून पन्नास जीबीच्या आसपासचा गेम परत उतरवला आणि तो चालला, त्यामुळे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की परत डाउनलोड हाच इलाज. मी विचारलं, तेव्हा गेम कुठे उतरला रे? तेव्हा कळलं की जुनी डिस्क स्टीमला दिसतच नव्हती म्हणून तो होम फोल्डरमध्ये उतरला होता, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर, डिस्कच्या वेगळ्या भागावर. म्हणून चालला. नंतर जागा कमी पडली म्हणून त्याने तो परत जुन्या डिस्कवर हलवला आणि पुढच्या वादळात परत तेच. पन्नास जीबी डेटा आणि चार रात्रींचं जागरण, आणि बिघाडाला हातही लागला नव्हता. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडे वाडीवर नेट कसं मिळतं ते आपल्याला माहितीये.

आता हे का होतं ते सांगतो, कारण मूळ कळलं की इलाज पाठ करावा लागत नाही.

आपल्याकडे बहुतेकांचं मशीन ड्युअल बूट असतं, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या मशीनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून ११ टाकता येत नाही, मग लोकांनी बाजूला लिनक्स टाकलं पण विंडोजही ठेवलं, कुणाला टॅलीसाठी हवं असतं, कुणाला कॉलेजच्या कसल्या सॉफ्टवेअरसाठी. आणि गेमची मोठी डिस्क दोघांत एकच, विंडोजमध्ये जी डी ड्राइव्ह म्हणून दिसते ती. ती असते एनटीएफएस फॉरमॅटमध्ये. एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम, लिनक्स ती वाचतं, लिहितं, पण ती कधी संशयास्पद अवस्थेत दिसली की लिनक्स सावध होतं. आणि ते बरोबरच आहे, तुमच्या फाइल सुरक्षित राहाव्यात म्हणूनच ते तसं करतं.

संशयास्पद म्हणजे काय, तर दोन गोष्टी. पहिली, विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप. तुम्ही विंडोजमध्ये शट डाउन दाबता तेव्हा ते खरं पूर्ण बंद होत नाही, कर्नेलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अवस्था हायबरनेशनच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं म्हणजे पुढच्या वेळी लवकर चालू व्हावं. त्यामुळे डिस्क विंडोजच्या दृष्टीने अजून उघडीच असते. गंमत वाटेल पण रीस्टार्ट दाबलं तर विंडोज पूर्ण बंद होतं आणि शट डाउन दाबलं तर होत नाही, लोकांना हे उलटं वाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे आपली लाईट. डिस्कवर लिहिणं चालू असताना करंट गेला की त्या व्हॉल्यूमवर डर्टी म्हणून जी खूण असते ती तशीच राहते, म्हणजे "हे काम अर्धवट राहिलंय, आधी तपासा" अशी पाटी. नीट बंद केलं असतं तर जाताना ती पाटी काढली गेली असती.

मग लिनक्स काय करतं ते डिस्क वाचणारा कोणता ड्रायव्हर आहे त्यावर ठरतं. जुना एनटीएफएस-३जी असेल तर विंडोजने अर्धवट सोडलेली डिस्क तो फक्त वाचण्यापुरती जोडतो, लिहू देत नाही. कर्नेलमधला नवा एनटीएफएस३, जो २०२१ मध्ये कर्नेल ५.१५ बरोबर आला, तो डर्टी खूण दिसली की जोडायलाच नकार देतो. म्हणून एकाच्या घरी प्ले दाबून काही होत नाही आणि दुसऱ्याच्या घरी गेमच गायब होतो. आजार तोच.

आता यात वाइन आणि प्रोटॉन कुठे येतात? वाइन १९९३ पासून चालू आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा थर, आणि प्रोटॉन म्हणजे वाल्व्हने कोडवीव्हर्सच्या मदतीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये आणलेला त्याचाच गेमसाठी तयार केलेला अवतार, सोबत डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी, जे विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्सच्या भाषेतलं बोलणं लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये करून देतात. प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन एक वेगळी खोटी सी ड्राइव्ह बनवतो, तिला प्रीफिक्स म्हणतात. ती असते स्टीमअ‍ॅप्स फोल्डरच्या आत, कॉम्पॅटडेटा नावाच्या फोल्डरमध्ये, गेमच्या नंबरच्या नावाने. विचर ३ चा नंबर २९२०३०, तर कॉम्पॅटडेटात २९२०३० नावाचं फोल्डर. गेम चालू करताना प्रोटॉनला तिथे लिहावंच लागतं. डिस्क फक्त वाचण्यापुरती असेल तर तो पहिल्याच पायरीला पडतो, गेमपर्यंत गोष्ट जातच नाही. म्हणून प्रोटॉनची आवृत्ती बदलून, लाँच ऑप्शन बदलून, काहीही बदलून फरक पडत नाही.

आणि याच्याही खाली एक गोष्ट आहे जी मला स्वतःला कळायला दोन पावसाळे गेले. प्रीफिक्सच्या आत डॉसडिव्हायसेस नावाचं फोल्डर असतं, त्यात दोन लिंक असतात, एकीचं नाव सी आणि पुढे दोन टिंबं म्हणजे कोलन, दुसरीचं झेड आणि कोलन. विंडोजचा प्रोग्राम सी ड्राइव्ह मागतो तेव्हा वाइन या लिंककडे बघून खरी जागा शोधतं. आता विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोलन चालत नाही, कधीच चालला नाही. लिनक्सने एनटीएफएसवर तसं नाव लिहिलं तर लिहिलं जातं, पण वादळानंतर तुम्ही विंडोज चालू केलं, त्याने आपणहून चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम, चालवलं, की त्याला ती नावं बिघाड वाटतात आणि तो दुरुस्त करायला जातो. मग तुमच्या प्रीफिक्सची सी ड्राइव्ह तुटते. म्हणजे डिस्क साफ केल्यावरही गेम चालत नाही, आणि माणूस पूर्ण गोंधळतो की आता तर सगळं ठीक केलं, मग काय राहिलं? हे राहिलं. काही डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या काही प्रकारांवर, तर डिस्क आपोआप जोडताना विंडोजनेम्स नावाचा ऑप्शन लागतो, तिथे कोलनवालं नाव बनूच शकत नाही, त्यामुळे नवीन गेम पहिल्या दिवसापासूनच चालत नाही.

आता तपासायचं कसं. टर्मिनल उघडा आणि फाइंडएमएनटी एवढंच टाका. लांब यादी येईल, त्यात तुमच्या गेमच्या डिस्कची ओळ शोधा. प्रकाराच्या रकान्यात फ्यूजबीएलके दिसलं तर जुना ड्रायव्हर, एनटीएफएस३ दिसलं तर नवा. शेवटच्या रकान्यात सुरुवातीलाच आरडब्ल्यू असेल तर लिहिता येतंय, आरओ असेल तर सापडला चोर. डिस्कची ओळच नसेल तर ती जोडलेलीच नाही. मग सुडो डीएमईएसजी टाकून त्यात एनटीएफएस शब्द शोधा, व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट अशी ओळ दिसली की शंका उरत नाही. आणि एक सोपी खात्री, त्या डिस्कवर फाइल मॅनेजरमधून एक रिकामं फोल्डर बनवून बघा. बनलं नाही तर प्रोटॉनलाही बनवता येणार नाही.

इथे आरडब्ल्यू दिसतंय, फोल्डरही बनतंय, तरी गेम चालत नाही, तर स्टीम पूर्ण बंद करून टर्मिनलमधून स्टीम असं टाकून चालू करा आणि प्ले दाबा. टर्मिनलमध्ये ओळी धावतील. त्यात वाइनची तक्रार दिसली की अमुक फोल्डर इज नॉट ओन्ड बाय यू, तर डिस्क तुमच्या नावावर जोडलेली नाही, रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, नावावर आहे, त्याचा इलाज खाली आहे. प्रोटॉनची सुरुवात करणारा भाग पायथॉनमध्ये लिहिलेला आहे, त्यामुळे रीड-ओन्ली फाइल सिस्टिम असा पायथॉनचा एररही इथेच दिसतो, स्टीमच्या खिडकीत तो कधीच येत नाही.

तात्पुरता इलाज. विंडोज असेल तर त्यातच जा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, आणि

सीएचकेडीएसके डी: /एफ

चालवा, डी च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर. संपलं की शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे ते पूर्ण बंद होतं. मग लिनक्समध्ये या. विंडोज काढून टाकलं असेल तर लिनक्समधून

सुडो एनटीएफएसफिक्स -डी /डेव्ह/एसडीबी१

हे डर्टी खूण काढतं, पण नीट समजून घ्या, हे चेकडिस्क नाही, हे वरवरच्या काही गोष्टी दुरुस्त करून पाटी काढतं. आत खरंच काही मोडलं असेल तर ते तसंच राहतं. डिस्क जोडलेली असताना हे चालवू नका, आधी अनमाउंट करा, म्हणजे सोडवा. आणि कुठेतरी रिमूव्ह हायबरफाइल नावाचा ऑप्शन वाचाल, तो विंडोजने जपून ठेवलेली अवस्था पुसतो, विंडोजमध्ये काही न सेव्ह केलेलं काम असेल तर ते गेलं. मी तो कुणाला सुचवत नाही.

एवढ्याने आज गेम चालेल. पण पुढच्या वादळात परत हेच, म्हणून कायमचं करायला बसा.

सगळ्यात आधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप घालवा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये ती टिक असते, पण मी सरळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /एच ऑफ टाकतो, हायबरनेशनच बंद झालं की फास्ट स्टार्टअपला आधारच राहत नाही. मोठ्या अपडेटनंतर ते परत चालू झालेलं मी दोनदा बघितलंय, तेव्हा मोठा अपडेट आला की एकदा नजर टाका. लॅपटॉपवाल्यांना बॅटरी असते म्हणून त्यांना लाईटचा त्रास कमी, त्यांच्याकडे बहुतेक वेळा एवढं केलं की काम झालं.

मग प्रीफिक्स त्या डिस्कवरून हलवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. गेमच्या मोठ्या फाइल एनटीएफएसवर राहू देत, पण कॉम्पॅटडेटा फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर, होममध्ये यायला हवं. त्याआधी थांबा. तुमचे सेव्ह गेम बहुतेक वेळा याच प्रीफिक्सच्या आत असतात, ड्राइव्ह सी, मग युजर्स, मग स्टीमयुजर, आणि त्यात डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा अ‍ॅपडेटा. सगळेच गेम क्लाउडवर सेव्ह ठेवत नाहीत. एका मित्राचं कॉम्पॅटडेटा मी घाईत पुसलं होतं आणि त्याच्या दीडशे तासांच्या गेमचे सेव्ह गेले, क्लाउडवर काहीच नव्हतं, तो मला काही बोलला नाही पण मला अजून ते डाचतं. म्हणून पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा.

स्टीम पूर्ण बंद करा, खिडकी मिटवून नाही, मेनूतून एक्झिट. गेमच्या डिस्कवर स्टीमअ‍ॅप्समध्ये जाऊन कॉम्पॅटडेटाचं नाव कॉम्पॅटडेटा-जुना करा. मग होममध्ये डॉट स्टीम, त्यात स्टीम, त्यात स्टीमअ‍ॅप्स, तिथे कॉम्पॅटडेटा फोल्डर बहुतेक असतंच, नसेल तर बनवा. मग

एलएन -एस ~/.स्टीम/स्टीम/स्टीमअ‍ॅप्स/कॉम्पॅटडेटा /मीडिया/गेमडिस्क/स्टीमलायब्ररी/स्टीमअ‍ॅप्स/

पहिला पत्ता खऱ्या फोल्डरचा, दुसरा जिथे लिंक हवी तिथला, हे उलटं झालं की काहीच होत नाही. आता गेमच्या डिस्कवर कॉम्पॅटडेटा नावाची फक्त लिंक आहे, आतला माल होममध्ये. स्टीम चालू करा, गेम लावा, पहिल्यांदा थोडा वेळ लागेल कारण प्रोटॉन नवीन प्रीफिक्स बनवतोय. गेम मेनूपर्यंत गेला की बंद करा आणि जुन्या फोल्डरातले सेव्ह त्याच जागी नव्यात टाका. गेम परत डाउनलोड करायची गरज नाही, तो कॉमन फोल्डरमध्ये जसाच्या तसा आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. चेकडिस्कने उद्या ती लिंक जरी बिघडवली तरी फक्त लिंक जाईल, सेव्ह होममध्ये सुरक्षित, परत एक ओळ टाकली की झालं.

भाच्याला हे फोनवर करायला सांगितलं, अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं दोन पत्ते नीट टाइप करण्यात गेली. त्यानंतर आषाढात त्यांच्याकडे एका रात्री तीन-चारदा लाईट गेली, सकाळी डिस्क जोडली गेली नव्हती, त्याने एकट्याने ती साफ केली आणि गेम जिथे सोडला होता तिथून चालू झाला. डेटा शून्य खर्च.

डिस्क कशी जोडायची ते एफएसटॅब या लिनक्सच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे ती दरवेळी एकाच जागी आणि तुमच्याच नावावर जोडली जाईल. ओळीत डिस्कचा यूयूआयडी म्हणजे तिचा ओळख क्रमांक, जागा, प्रकार, आणि ऑप्शनमध्ये यूआयडी=१०००, जीआयडी=१०००, आरडब्ल्यू, एक्झेक आणि नोफेल. तुमचा नंबर १००० च आहे ना ते आयडी कमांडने बघा. मालकीची ती तक्रार याच ओळीने जाते. आणि नोफेल विसरू नका, हे मी हात जोडून सांगतो. ते नसेल आणि डिस्क डर्टी असेल तर लिनक्स चालू होतानाच अडतं आणि काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी मोड येतो. गणपतीत चाकरमानी घरी आलेले, पोरं गेम लावायला बसलेली आणि पीसी काळा, असं एका शेजाऱ्याकडे झालं, घरच्यांना वाटलं मशीन गेलं. गेमच्या डिस्कपायी आख्खा पीसी अडायचं काही कारण नाही, नोफेल असेल तर ती डिस्क सोडून बाकी सगळं चालू होतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर विंडोजमध्ये तुम्ही गेम खेळतच नसाल तर गेमची डिस्क एनटीएफएस ठेवूच नका. एक्स्ट४ या लिनक्सच्या स्वतःच्या फाइल सिस्टिममध्ये करा. त्याला जर्नल, म्हणजे चालू कामाची नोंदवही, असतं, लाईट गेली तरी पुढच्या वेळी जोडताना ते अर्धवट राहिलेलं काम आपणहून निस्तरतं आणि डिस्क लिहिण्यासाठी मोकळी होते, कोलनचाही प्रश्न नाही. अडचण एकच, विंडोजला ती दिसणार नाही. दुसरी डिस्क असेल तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन गेम एक-एक करून तिकडे हलवता येतात, परत उतरवायला लागत नाहीत. एकच डिस्क असेल तर जीपार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या प्रोग्रामने एनटीएफएस लहान करून मोकळ्या जागेत एक्स्ट४ बनवता येतं, पण ते करताना लाईट गेली तर सगळंच जाऊ शकतं, त्यामुळे पावसाळ्यात हे काम काढू नका, दिवाळीनंतर आभाळ निवळलं की करा, आणि फोटो-कागदपत्रांचा बॅकअप आधी.

इन्व्हर्टरचं पण सांगायला हवं. बऱ्याच घरात इन्व्हर्टर असतो आणि लोकांना वाटतं पीसी सुरक्षित आहे, पण लाईट जाताक्षणी पीसी रीस्टार्ट होतो कारण इन्व्हर्टर बदलायला जो क्षण घेतो तेवढा पीसीला सहन होत नाही. पुष्कळ इन्व्हर्टरला मागे एक स्विच असतो, नॉर्मल आणि यूपीएस अशा दोन खुणांचा. यूपीएसवर ठेवला की बदल खूप लवकर होतो. आमच्याकडे तो स्विच कितीतरी दिवस नॉर्मलवर होता, कोणी मागे बघितलंच नव्हतं. तो बदलल्यापासून पीसी एकदाही पडला नाही. इन्व्हर्टर नसेल तर पीसीपुरता छोटा यूपीएस घ्या, नीट बंद करण्याइतकी पाच-दहा मिनिटं मिळाली तरी पुरे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. खाऱ्या हवेने डिस्कच्या साटा केबलच्या टोकांवर परिणाम होतो, आणि मग डिस्क मध्येच सुटते, लाईट न जाताही लक्षणं हीच दिसतात. स्मार्टसीटीएल -ए टाकून डिस्कची माहिती काढा, त्यात १९९ नंबरची यूडीएमए सीआरसी एरर काउंट ओळ बघा. तो आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि आठवड्याने परत बघा, वाढत असेल तर केबल बदला. आणि ५ किंवा १९७ नंबरचा आकडा वाढताना दिसला तर केबल नाही, डिस्कच थकत चाललीये, आधी डेटा काढा.

स्टीम फ्लॅटपॅक या वेगळ्या बंदिस्त पॅकेजमधून टाकलं असेल तर त्याला बाहेरची डिस्क दिसायची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि त्याचं होमही डॉट व्हार फोल्डरच्या आत असतं, वरचे पत्ते तसे बदलून घ्या. स्टीमबाहेरचे गेम, म्हणजे आपल्याकडे अजून घराघरात चालणारा २००६ चा क्रिकेट ०७ वगैरे, लुट्रिस किंवा बॉटल्समधून चालवत असाल तर तिथेही प्रीफिक्स कुठे बनवायचा ते निवडता येतं, तो होममध्येच ठेवा. कोलनवाल्या लिंक तिथेही असतात.

होममध्ये ठेवलेला गेमसुद्धा चालत नसेल तर मग डिस्कचा विषय संपला, दुसरीकडे बघा. व्हल्कनइन्फो डॅश डॅश समरी टाका, तिथे तुमच्या कार्डाऐवजी एलएलव्हीएमपाइप दिसलं तर ड्रायव्हरच नाहीये, प्रोसेसर एकटा ओढतोय. जीटीएक्स ६६०, ७६० अशी केप्लर पिढीची कार्डं असतील तर एनव्हिडियाचा ४७० ड्रायव्हर हा त्यांच्यासाठी शेवटचा, त्यात व्हल्कन १.३ नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून १.३ लागतंच. अशा कार्डावर त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कॉम्पॅटिबिलिटीत प्रोटॉन ७.० निवडा, त्यात जुना डीएक्सव्हीके आहे. व्हॅलोरंटसारखे गेम मात्र त्यांच्या अँटी-चीटमुळे चालणारच नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये

प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%

टाका. होममध्ये स्टीम, डॅश आणि गेमचा नंबर अशा नावाची लॉग फाइल बनेल. ती शेवटून वर वाचत या, पहिल्या हजार ओळींत घाबरण्यासारखं खूप दिसतं पण त्यातलं बरंचसं चालणाऱ्या गेममध्येही असतं, खरं कारण बहुतेक शेवटच्या पन्नास ओळींत सापडतं. सापडलं की तो ऑप्शन काढून टाका, लॉग लिहिताना गेम हळू होतो आणि फाइल होममध्ये वाढत राहते.